पॅकेट नेमके कुठे गळते: लिनक्स सर्व्हरवरील तपासाची रीत

दहा गिगाबिटचे कार्ड असलेला लिनक्स सर्व्हर दोन-तीन गिगाबिटलाच धापा टाकू लागला, तर बिट मोजणे बाजूला ठेवून दर सेकंदाला येणारी पॅकेट्स मोजावीत. १५१८ बाइटच्या पूर्ण फ्रेम्स (तारेवरून जाणारी पॅकेट्सची वेष्टने) असतील तर दहा गिगाबिटच्या वेगात सेकंदाला सुमारे ८ लाख १२ हजार पॅकेट्स बसतात; ६४ बाइटच्या फ्रेम्स असतील तर तीच संख्या सुमारे १ कोटी ४८ लाख ८० हजारांवर जाते आणि एका पॅकेटच्या वाट्याला जेमतेम ६७ नॅनोसेकंद येतात. कर्नलचे (लिनक्सच्या गाभ्याचे) बहुतेक श्रम बाइटमागे नसून पॅकेटमागे खर्च होतात.

कार्डाचा रिंग बफर (आलेली पॅकेट्स तात्पुरती ठेवण्याची जागा), कर्नलमधील सॉफ्टआयआरक्यू (तेथून पॅकेट्स उचलून पुढे नेणारे काम) आणि सॉकेटची रांग (प्रोग्रॅमने उचलण्यासाठी पॅकेट्स थांबतात ती जागा), या तिन्ही ठिकाणी पॅकेट टाकून दिले जाऊ शकते व प्रत्येक ठिकाणी त्याची वेगळी नोंद राहते. हे आकडे सर्व्हर सुरू झाल्यापासूनची बेरीज दाखवतात. म्हणून भार चालू असतानाच दहा सेकंदांच्या अंतराने दोनदा नोंद घ्यावी आणि केवळ फरकावर विश्वास ठेवावा. महिन्यापूर्वीची गळती आजची समजून सेटिंग बदलत बसण्यात फार वेळ वाया जातो.

ईथटूल या कमांडमध्ये मोठा एस हा पर्याय दिला की कार्डाचे आकडे दिसतात. त्यांची नावे ड्रायव्हरनुसार बदलतात. तेथे बफर न मिळाल्याची नोंद वाढत असेल, तर रिंग मोठी केल्याने क्षणिक लोंढा सामावतो, मात्र सततचा अतिभार त्याने हटत नाही.

खरे उत्तर बहुधा प्रोसेसरकडे असते. सोळा कोअरपैकी एकच कोअर सॉफ्टआयआरक्यूमध्ये शंभर टक्के अडकला, तरी सरासरी सहा टक्केच दिसते; त्यामुळे एमपीस्टॅट या कमांडमध्ये प्रत्येक कोअर स्वतंत्रपणे पाहावा आणि कार्डाच्या सर्व रांगांचे इंटरप्ट (पॅकेट आल्याचे प्रोसेसरला दिलेले इशारे) एकाच कोअरवर पडत नाहीत ना, हे प्रॉक-इंटरप्ट्स फाइलमध्ये तपासावे. आरएसएस, म्हणजे पॅकेट्स या रांगांत वाटणारी कार्डाची सोय, पत्ते आणि पोर्ट यांच्या हॅशवरून (त्यांपासून काढलेल्या आकड्यावरून) रांग निवडते. म्हणजे सगळी वाहतूक एकाच प्रवाहाची (त्याच पत्त्यांची व पोर्टची) असेल, तर रांगा वाढवून काही साधत नाही.

सॉफ्टआयआरक्यूच्या टप्प्याची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टनेट-स्टॅट फाइलमध्ये प्रत्येक कोअरची एक ओळ सोळाच्या पायातील अंकांत असते. दुसरा स्तंभ वाढणे म्हणजे बॅकलॉग (कोअरची प्रतीक्षा-रांग) भरून पॅकेट्स टाकली गेली. तिसरा स्तंभ वाढणे म्हणजे ठरलेला कोटा (सहसा ३०० पॅकेट्स) किंवा वेळ संपला, तरी काम शिल्लक राहिले. ही गळती नव्हे, हा फरक आवर्जून लक्षात ठेवावा. कोटा वाढवता येतो, परंतु तो वेळ त्याच कोअरवरील प्रोग्रॅमच्या वाट्यातून जातो.

शेवटचा टप्पा सॉकेटचा. एनस्टॅट या कमांडमध्ये यूडीपीच्या (पोच न मागता पॅकेट्स पाठवणाऱ्या प्रोटोकॉलच्या) रिसीव्ह-बफर त्रुटी वाढत असतील, तर पॅकेट सॉकेटपर्यंत सुखरूप पोहोचले होते. प्रोग्रॅमने ते वेळेत उचलले नाही, म्हणून तपास आता त्या प्रोग्रॅमकडे वळवावा.