देवाला इच्छा असते का, हा प्रश्न अभ्यासमंडळात कसा घ्यावा

सातारा जिल्ह्यात दासबोधाचे वाचन गावोगाव चालते, आणि वाचनानंतर निरूपणाला बसलेल्या मंडळींत कधी ना कधी हा प्रश्न निघतोच. गोंदवल्याशी नाते असलेल्या घरांत ‘रामाची इच्छा’ हे शब्द उठता-बसता कानी पडतात. उलट त्याच जिल्ह्यातील वाई येथे केवलानंद सरस्वतींनी ज्या मीमांसाशास्त्राचा कोश सिद्ध केला, त्या शास्त्राला, म्हणजे वेदांतील कर्मकांडाचा अर्थ लावणाऱ्या दर्शनाला, जग उत्पन्न करणारा ईश्वर मुळी मान्यच नाही. दोन्ही टोके इतकी जवळ असल्यामुळे चर्चा रंगते खरी, परंतु बहुतेक वेळा ती एकमेकांच्या श्रद्धेवर घसरते आणि प्रश्न जागच्या जागी राहतो. बैठक चालवणाऱ्याने कोणता क्रम धरावा, कोणते उतारे समोर ठेवावेत आणि कोणते वळण टाळावे, एवढेच येथे सांगायचे आहे.

आरंभ ‘ईश्वराचे स्वरूप काय’ अशा मोठ्या प्रश्नाने करू नये. लोक प्रत्यक्ष बोलतात असे एक वाक्य घ्यावे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. तेथे धोक्याची पातळी ४५ फूट मानतात. त्या दिवसांत ‘देवाचीच इच्छा, दुसरे काय’ हे वाक्य ज्याने ऐकले नाही असा माणूस त्या भागात सापडणे कठीण. या वाक्याचे निदान तीन अर्थ होतात. ईश्वराने ठरवून हे घडवले, हा पहिला. त्याने घडवले नाही, पण घडू दिले, हा दुसरा. आणि जे झाले ते मी आता पदरात घेतो, हा तिसरा. पहिले दोन अर्थ ईश्वराविषयी काही सांगतात. तिसरा अर्थ बोलणाऱ्याने स्वतःपुरता केलेला निश्चय असतो आणि त्याला खरे-खोटेपणाची कसोटी लावण्यात काही हशील नाही. ज्याचे घर पाण्यात गेले आहे त्याच्या तोंडचे वाक्य तपासायला घेऊ नये, ही सूचना अनावश्यक वाटेल. पण अभ्यासू माणसांना नेमका याच गोष्टीचा विसर पडतो.

पहिल्या अर्थाने बोलणाऱ्याला एकच विचारावे: पाणी चढले ही ईश्वरेच्छा असेल, तर ते उतरले हीसुद्धा ईश्वरेच्छाच ना? उत्तर होकारार्थी येईल आणि तसेच यायला हवे. मात्र जे कारण प्रत्येक घटनेला सारखेच लागू पडते, ते या एका घटनेविषयी वेगळे काहीच सांगत नाही. पाणलोट क्षेत्रातील अतिवृष्टी, धरणांतून सोडलेले पाणी आणि नदीकाठची बांधकामे यांचा विचार ईश्वरेच्छेच्या नावाखाली गुंडाळून ठेवता येत नाही. डच तत्त्वज्ञ स्पिनोझाचा ‘एथिक्स’ हा ग्रंथ त्याच्या मृत्यूच्याच वर्षी, १६७७ मध्ये, प्रसिद्ध झाला; त्याच्या पहिल्या भागाच्या पुरवणीत त्याने ईश्वरेच्छेला अज्ञानाचे आश्रयस्थान म्हटले, ते अशा वापराला उद्देशूनच. तेव्हा ईश्वरेच्छा घटनेचे कारण म्हणून पुढे करायची नाही, एवढे बैठकीत आधीच ठरवून टाकावे. पुष्कळसा गोंगाट तेथेच थांबतो.

यानंतर मनुष्याच्या इच्छेचे घटक वेगळे करावेत. आपल्याला काही हवे असते, कारण ते आपल्याजवळ नसते. ते मिळवण्याचा मार्ग आपल्याला थोडाफार ठाऊक असतो. अनेक मार्गांतून आपण एक निवडतो. आणि इच्छा होण्यापूर्वीचे आपण व इच्छा झाल्यानंतरचे आपण यांत फरक पडतो. यांतला एकेक घटक ईश्वराला लावून पाहावा. ज्ञान आणि निवड यांविषयी भाविकाची तक्रार नसते. खरी अडचण उणीव आणि बदल या दोन ठिकाणी येते, आणि बैठकीचा मुख्य वेळ येथेच खर्चावा.

उतारे वाचताना तैत्तिरीय उपनिषदातील ‘सोऽकामयत । बहु स्यां प्रजायेयेति’ (त्याने इच्छा केली: मी अनेक व्हावे, प्रजारूपाने जन्मावे) हे वचन प्रथम घ्यावे, म्हणजे श्रुतीने, अर्थात वेदवाङ्मयाने, ब्रह्माला कामना जोडलेली आहे हे नाकारण्याची सोय राहत नाही. लगेच अद्वैती आचार्य गौडपादांच्या कारिकेतील ‘आप्तकामस्य का स्पृहा’ हा प्रश्न वाचावा. ज्याला सर्व काही प्राप्तच आहे त्याला हाव कसली? मग वेदान्ताचा सूत्रग्रंथ असलेल्या ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायातील पहिल्या पादाची ३२ ते ३४ ही सूत्रे सावकाश घ्यावीत, कारण या वादाचा गाभा तेथे आहे. पहिले सूत्र आक्षेप मांडते: प्रयोजनावाचून कोणी काही करत नाही, आणि ईश्वराला प्रयोजन मानले तर तो अपूर्ण ठरतो. मीमांसक कुमारिलभट्टांनीही ‘प्रयोजनमनुद्दिश्य न मन्दोऽपि प्रवर्तते’ म्हणून हाच आक्षेप घेतला आहे. मंदबुद्धीचा मनुष्यदेखील हेतूवाचून हलत नाही, मग सर्वज्ञाची काय कथा. दुसरे सूत्र ‘लोकवत्तु लीलाकैवल्यम्’, म्हणजे लोकव्यवहारात दिसते तशी ही केवळ लीला आहे, असे उत्तर देते. शंकराचार्य येथे सर्व काही लाभलेल्या राजाच्या क्रीडेचा दाखला देतात आणि त्यापुढे श्वासोच्छ्वासाचाही देतात. हे दोन दाखले एकाच गोष्टीचे आहेत असे समजून पुढे जाऊ नये. राजाला न खेळण्याची मोकळीक असते. श्वास मात्र कोणी ठरवून घेत नाही. लीला क्रीडेसारखी असेल तर इच्छा शिल्लक राहते, श्वासासारखी असेल तर तिच्या जागी स्वभाव येतो. हा भेद सभासदांना स्वतःहून दिसेपर्यंत थांबावे; घाईने सांगून टाकल्यास त्याची धार जाते.

तिसऱ्या सूत्रात सृष्टीतील विषमता आणि क्रौर्य यांचा दोष ईश्वराकडे येत नाही, कारण तो जीवांच्या कर्मांची अपेक्षा ठेवून फळ देतो, असे म्हटले आहे. भाविकाचे यावर समाधान होते. बैठक चालवणाऱ्याचे होऊ नये. कोणाला काय द्यायचे हे कर्मानेच ठरत असेल तर ईश्वराने निवडले काय, हा प्रश्न त्याने उघडपणे विचारावा.

या प्रश्नाला सर्वांत नेटके उत्तर नैयायिकांचे, म्हणजे न्यायदर्शनाच्या अनुयायांचे, आहे. त्यांच्या मते कर्ता तोच, ज्याला उपादानाचे, म्हणजे ज्यातून वस्तू घडते त्या द्रव्याचे, प्रत्यक्ष ज्ञान आहे, करण्याची इच्छा आहे आणि जो प्रयत्न करतो. नुसत्या ज्ञानाने काही घडत नाही, म्हणून जगाचा कर्ता मानायचा तर त्याला इच्छाही मानावी लागते. मात्र ती नित्य आहे, उणिवेतून उपजलेली नाही. दहाव्या शतकात उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत ईश्वरसिद्धीची बाजू मांडली ती याच परंपरेत. त्यावर प्रतिपक्ष विचारतो की, इच्छा नित्य असेल तर सृष्टी कधी उत्पन्न आणि कधी लीन का? जीवांचे अदृष्ट, म्हणजे साठलेले पाप-पुण्य, परिपक्व होण्याची वाट पाहावी लागते, असे त्यावरचे उत्तर आहे. माझ्या मते येथे नैयायिक तर्क जिंकतात, पण ज्या अर्थाने सामान्य माणूस ‘देवाच्या मनात असेल तर’ म्हणतो तो अर्थ गमावतात. कारण जी इच्छा कधीच बदलत नाही आणि जिच्या फळातला फरक दुसरीकडून येतो, ती नियमापासून वेगळी कशी ओळखायची, हे सांगणे अवघड होते.

मंडळात मिरजेकडचे मुस्लिम सभासद असतील तर ‘इन्शाअल्ला’चा, म्हणजे ‘अल्लाची इच्छा असेल तर’ या बोलण्याचा, विषय निघेल. त्या वेळी अकराव्या शतकातील मुस्लिम तत्त्वचिंतक गझालींचा युक्तिवाद अवश्य मांडावा. भुकेल्या माणसासमोर अगदी सारखे दोन खजूर ठेवले आणि त्याला एकच उचलता येत असेल, तर तो उपाशी राहत नाही. सारख्यांतून एक वेगळे काढणे हेच इच्छेचे काम. म्हणजे इच्छेला उणीव नव्हे, तर निवड पुरेशी आहे. गौडपादांच्या प्रश्नाला याहून थेट उत्तर मला ठाऊक नाही. अर्थात कारणावाचून केलेली निवड आणि लहर यांत अंतर काय, हे त्यानंतर विचारावेच लागते.

सांगली परिसरात दिगंबर जैन समाज मोठा आहे, आणि या विषयात त्यांची भूमिका पाहुणी म्हणून शेवटी बोलावण्यासारखी नाही. तीर्थंकर वीतराग आहेत, तेव्हा त्यांना राग नाही, द्वेष नाही आणि म्हणून इच्छाही नाही. तरीही त्यांची पूजा होते आणि त्यांचा उपदेशही घडतो. इच्छा नसताना उपदेश कसा, याचे उत्तर जैन आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंडक श्रावकाचारात एका ओळीत दिले आहे: वादकाच्या हाताचा स्पर्श होताच नाद करणारा मृदंग कशाची अपेक्षा करतो? इच्छेवाचून पूज्यता असूच शकत नाही, असे धरून बसलेल्या सभासदाने हा दाखला नाकारायचा असेल तर कारणे देऊन नाकारावा, एवढा आग्रह बैठक चालवणाऱ्याने धरावा.

एवढे झाल्यावरच दासबोधाकडे वळावे. ‘मी कर्ता ऐसें म्हणसी । तेणें तूं कष्टी होसी । राम कर्ता म्हणतां पावसी । यश कीर्ति प्रताप’ ही ओवी पुराव्यासारखी वापरली जाते. तिची क्रियापदे पाहावीत: समर्थ रामाविषयी माहिती देत नाहीत, श्रोत्याने काय म्हणावे ते सांगतात. याच ग्रंथात ‘सामर्थ्य आहे चळवळेचे । जो जो करील तयाचे’ असेही आहे, त्यामुळे हात जोडून बसण्याला त्या ओवीचा आधार मिळत नाही. माझा कौल असा की, ईश्वराला इच्छा आहे असे म्हणायचे तर उणीव आणि बदल हे दोन्ही घटक वगळूनच म्हणावे. उरलेला भाग मान्य नसेल तर ‘रामाची इच्छा’ हे स्वीकाराचे वाक्य म्हणून बोलावे आणि त्यातून कारण काढू नये. सभासदांनी हे मानलेच पाहिजे असे नाही, आणि मतदान तर मुळीच घेऊ नये.

देवाला कौल लावणे आणि नवस बोलणे हे विषय मात्र त्याच बैठकीत घेऊ नयेत. मूर्तीला चिकटवलेले फूल कोणत्या बाजूला पडते यावरून उत्तर घेणारा मनुष्य ईश्वराची इच्छा विशिष्ट आणि आजच्या दिवसापुरती मानतो. नवस करणारा ती बदलू शकते असेही मानतो. वर वगळलेले दोन्ही घटक अशा रीतीने परत येतात, आणि त्यांचा समाचार घ्यायला पुरती एक बैठक लागते. त्या बैठकीपूर्वी प्रत्येकाने आपल्या घरात ऐकलेली एक नवसाची हकीकत लिहून आणावी, आणि तो नवस फळला नसता तर घरच्यांनी काय म्हटले असते, हेही तिच्याखाली लिहावे.