सोशल बुकमार्किंग: एसइओत नव्याने आलेल्यांसाठी

एसइओच्या, म्हणजे साइट गूगलच्या निकालांत वर आणण्याच्या, नोकरीत नवख्याच्या हाती सुरुवातीलाच एक एक्सेल शीट पडते. बुकमार्किंग साइट्सची (जिथे आवडलेल्या पानांच्या लिंक सगळ्यांना दिसतील अशा साठवता येतात) लांबलचक यादी, आणि पुढचे कॉलम रिकामे: लॉगिन, टाकलेली लिंक, तारीख, स्टेटस. मलाही तीच मिळाली होती. खातं उघडा, लिंक टाका, वर्णन चिकटवा, टॅग द्या, पुढची साइट. संध्याकाळपर्यंत शीट हिरवीगार होते, रँकिंग मात्र जागचं हलत नाही.

असं का होतं, हे कळायला थोडं मागे जावं लागतं. डिलिशस 2003 मध्ये सुरू झाली, डिग 2004 मध्ये, रेडिट 2005 मध्ये. तेव्हा लोक खरोखरच आवडलेली पानं तिथे जपून ठेवत. गूगलच्या पेजरँकचा पायाच असा की एका पानाने दुसऱ्याला दिलेली लिंक ही शिफारस. मग फुकटात शिफारस मिळतेय म्हटल्यावर सगळेच तिकडे धावले, आणि गूगलनेही दारं लावून घेतली. 2005 मध्ये नोफॉलो आलं, म्हणजे 'ही लिंक शिफारस धरू नका' असं सांगणारी खूण; 2012 मध्ये बनावट लिंकांवर नेम धरणारं पेंग्विन अपडेट. गूगलच्या स्पॅम धोरणात आज निकृष्ट डिरेक्टरी आणि बुकमार्क साइट्सवरच्या लिंकांचा लिंक स्पॅम म्हणून थेट उल्लेख आहे.

शिवाय त्या साइट्स तरी कुठे उरल्यात? डिलिशस 2017 मध्ये पिनबोर्ड या दुसऱ्या बुकमार्किंग साइटने विकत घेतली आणि तिथे नवं काही साठवणं थांबलं. स्टंबलअपॉन 2018 मध्ये गेली, पॉकेट 2025 मध्ये. तुमच्या यादीत यांची नावं दिसली, तर ती यादी किती वर्षं कॉपी-पेस्ट होत आली आहे याचा अंदाज तिथेच येतो.

यादीत बहुतेक वेळा 'हाय डीए' असाही कॉलम असतो. या आकड्यावर नवखी माणसं फार भाळतात. डीए म्हणजे डोमेन ऑथॉरिटी, साइट निकालांत किती वर येईल याचा मॉझ कंपनीचा अंदाज आहे, गूगल तो वापरत नाही. आणि समजा साइट खरंच वजनदार असली, तरी तुमचा बुकमार्क जिथे पडतो ते पान आत्ताच जन्मलेलं असतं. त्याला कुणाची लिंक नसते, उद्या ते यादीत चाळीस पानं मागे जातं. घराणं मोठं म्हणून प्रत्येक पाहुण्याच्या खिशात पैसे येत नाहीत.

म्हणून कुठलीही साइट घेण्याआधी एवढं बघा. तिथल्या कुणाच्यातरी पोस्टमधल्या लिंकवर राइट क्लिक करून इन्स्पेक्ट उघडा. अँकर टॅगमध्ये (लिंकच्या कोडमध्ये) 'रेल' (rel) या शब्दापुढे नोफॉलो किंवा यूजीसी (वापरकर्त्याने टाकलेल्या लिंकची खूण) दिसलं, तर त्या लिंककडून रँकिंगची आशा धरू नका. 2019 मध्ये गूगलने नोफॉलोला आदेशाऐवजी संकेत मानायचं जाहीर केलं खरं, पण त्यावर कामाचं नियोजन करता येत नाही. मग ताज्या पोस्ट वाचा. सगळीकडे कर्ज, कॅसिनो आणि पॅकर्स-मूव्हर्स असतील आणि एकाही पोस्टखाली माणसाची प्रतिक्रिया नसेल, तर टॅब बंद करा.

'बुकमार्क केलं की पान लवकर इंडेक्स होतं', म्हणजे गूगलच्या नोंदीत येतं, असंही ऐकाल. त्यासाठी गूगलचं सर्च कन्सोल आहे: साइटमॅप (साइटच्या पानांची यादी) द्या, नव्या पानासाठी यूआरएल इन्स्पेक्शनमधून विनंती करा, आणि आपल्याच जुन्या पानांवरून त्याला लिंक द्या.

मग उरतं काय? माणसं. रेडिट, हॅकर न्यूज, पिंटरेस्ट इथे खरे वाचक आहेत. लिंक नोफॉलो असली तरी पान वाचून एखाद्याने स्वतःच्या साइटवर त्याचा दाखला दिला, तर ती लिंक कमावलेली असते. रँकिंगशी बुकमार्किंगचा खरा संबंध एवढाच, असं माझं मत आहे.

पण इथे चिकटवाचिकटवी चालत नाही. समजा पान फोटोंची फाइल हलकी करण्याबद्दल आहे. 'बेस्ट इमेज कॉम्प्रेशन टिप्स, नक्की वाचा' या वर्णनावर कुणी ढुंकून बघणार नाही. त्याऐवजी असं लिहा: '4 एमबीचा फोटो 200 केबीवर आणला. वेबपी आणि जेपेग शेजारी ठेवलेत; केसांच्या कडांकडे बघा, फरक तिथे दिसतो.' म्हणजे आत काय आहे ते बाहेरूनच कळतं. रेडिटवर प्रत्येक समूहाचे नियम वेगळे, मॉडरेटर कडक. आधी काही दिवस नुसती उत्तरं द्या. हॅकर न्यूजवर मित्रांकडून मतं (अपव्होट) मागणं नियमाविरुद्ध आहे. पिंटरेस्ट पाककृती, सजावट, हस्तकला अशा चित्रांच्या विषयांना चांगलं. हिशेबाच्या सॉफ्टवेअरसाठी तिथे वेळ घालवू नका.

टाकलेल्या लिंकला यूटीएम (वाचक कुठून आला हे सांगणारी शेपटी) जोडा, म्हणजे ॲनालिटिक्समध्ये कुठून किती जण आले आणि किती वेळ थांबले ते वेगळं दिसेल. वरिष्ठ शीटच मागत असतील तर वाद घालत बसू नका, शीटमध्ये 'आलेले वाचक' असा एक कॉलम वाढवून द्या. बहुतेक ओळींपुढे शून्य दिसलं की यादी आपोआप छोटी होते.

मुलाखतीत 'ऑफ-पेजमध्ये (म्हणजे साइटबाहेरच्या कामात) काय केलंय?' असं विचारतात तेव्हाही हेच सांगा. 'शेकडो बुकमार्क्स केले' याऐवजी एकच पान घ्या: ते कुठे टाकलं, वर्णन काय लिहिलं, किती वाचक आले, त्यातून कुणी लिंक दिली का. पुढचे प्रश्न मग त्याच पानावर येतात, आणि त्यांची उत्तरं तुमच्याकडे असतात.