निधी उभारणीसाठी सल्लागार कसा निवडावा: सीमाभागातल्या लहान संस्थांसाठी

आमच्या गावच्या वाचनालयाचं छप्पर गळायला लागलं, त्या वर्षी वार्षिक सभेत कुणीतरी उठून म्हणालं, "आपल्याला मागता येत नाही. मागणारा माणूस नेमूया." सगळ्यांना पटलं. महिन्याभरात एक गृहस्थ आले. जेवढे पैसे जमतील त्यातले १५ टक्के त्यांनी मागितले आणि आम्ही कागदावर एक ओळही न लिहिता हो म्हटलं.

त्यांनी पहिले फोन आमच्याच सभासदांना केले, नंतर मुंबई-पुण्यात नोकरीला गेलेल्या गावच्या पोरांना. पैसे आले, छप्परही झालं. पुढच्या वर्षी आभाराची पत्रं पाठवायला बसलो, तेव्हा निम्म्या देणगीदारांचे पत्ते आमच्याकडे नव्हते. ते त्या गृहस्थांच्या मोबाईलमध्ये होते आणि काम संपल्यावर त्यांनी आमचा फोन उचलणं बंद केलं होतं. गावातल्या एका निवृत्त शिक्षिकेनं मला रस्त्यात थांबवून विचारलं, "मी दिलेल्या १० हजारांतले दीड हजार कुणाला गेले?" त्या बाईंनी पेन्शनमधून पैसे दिले होते. मला उत्तर देता आलं नाही.

त्यानंतर जे शिकलो ते बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या संस्थांसाठी लिहितो आहे. वाचनालय असो, मराठी शाळेची माजी विद्यार्थी संघटना असो की महिला मंडळ, अडचणी साधारण सारख्याच असतात.

१. आधी ठरवा, सल्लागार लागतो का

दोन-तीन लाखांचं एकदाच करायचं काम असेल तर लागत नाही. ज्या गावात गणपतीची वर्गणी दरवर्षी बिनबोभाट जमते, त्या गावाला पैसे मागता येत नाहीत असं मी मानत नाही. पावती पुस्तक, चार विश्वासाची माणसं आणि खर्चाचा स्वच्छ अंदाज एवढ्यावर ते काम होतं.

सल्लागार लागतो तो दरवर्षी पैसा लागणार असेल तेव्हा. अभ्यासिकेला ग्रंथपाल ठेवायचा आहे, मुलींसाठी वसतिगृह चालवायचं आहे, कंपन्यांकडे जायचं आहे पण प्रस्ताव कसा लिहितात ते माहीत नाही, अशा वेळी. आणि त्याचं काम आपल्याला मागायला शिकवणं, हे पक्कं धरा. आपल्या वतीनं दारोदार जाणारा माणूस शोधत असाल, तर आमच्यासारखीच फसगत होईल. लोक अनोळखी माणसाच्या तोंडाकडे बघून पैसे देत नाहीत. अध्यक्ष, शाळेचे जुने गुरुजी, डॉक्टर, यांच्या शब्दावर देतात. तो शब्द टाकायला कार्यकारिणी तयार नसेल तर कुणालाही नेमून उपयोग नाही.

२. आपलं कपाट उघडून बघा

चांगला सल्लागार पहिल्या भेटीत कागद मागतो. ते आपणच आधी काढून ठेवावेत.

आपल्याकडे एक वेगळी गोष्ट आहे. १९५६ च्या आधीच्या बऱ्याच संस्थांचे मूळ कागद मुंबई राज्याच्या काळातले आहेत. आज सोसायटी म्हणून नोंदलेल्या संस्थेला कर्नाटक सोसायटी नोंदणी कायदा, १९६० लागू होतो. दरवर्षी कार्यकारिणीची यादी आणि ताळेबंद सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे, म्हणजे जिल्ह्याच्या सोसायटी निबंधकांकडे जातो. ही कागदपत्रं काही वर्षं राहून गेलेली असतील तर आधी ती पूर्ण करा. सल्लागार कोल्हापूर-पुण्याकडचा असेल आणि पहिल्याच भेटीत "धर्मादाय आयुक्तांचा चेंज रिपोर्ट (विश्वस्त बदलल्याची नोंद) दाखवा" म्हणाला, तर समजावं की त्यानं महाराष्ट्राबाहेर काम केलेलं नाही. ती व्यवस्था तिकडची.

मग आयकर. १२एबी (संस्थेच्या उत्पन्नाला करसवलत) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) ही दोन प्रमाणपत्रं आहेत का, त्यांची मुदत कधी संपते, हे सीएला विचारून लिहून ठेवा. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलतात, पण सगळ्यांच्या तोंडी जुनीच नावं आहेत. गेल्या तीन वर्षांचं ऑडिट, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा नोंदणी क्रमांक, आणि कंपन्यांचा सीएसआर निधी, म्हणजे त्यांनी कायद्यानं सामाजिक कामावर खर्च करायचा पैसा, हवा असेल तर त्यासाठीची सीएसआर-१ या अर्जाची सरकारी नोंदणी, हेही बघा. सीएसआर-१ साठी आयकराची दोन्ही प्रमाणपत्रं लागतात, आणि संस्था कंपनीनं स्वतः काढलेली नसेल तर तीन वर्षांच्या कामाचा अनुभवही लागतो.

यातलं निम्मं नसेल तर आधी सीए गाठा. कागद नीट नसताना नेमलेला सल्लागार सहा महिने कागदच गोळा करत बसतो आणि त्याची फी मात्र चालू राहते.

३. काय हवं ते एका पानावर लिहा

किती रक्कम, कशासाठी, किती दिवसांत. त्याखाली आत्तापर्यंतच्या देणगीदारांची यादी: कोण, कुठले, कधी किती दिले. हे पान लिहिताना आमच्या कार्यकारिणीत दोन तास वाद झाला आणि तो वाद व्हायलाच हवा होता. अर्ध्या लोकांना इमारत हवी होती, अर्ध्यांना पुस्तकं. हे भांडण सल्लागारासमोर झालं असतं तर त्यानं त्याला सोपं जाईल ते काम निवडलं असतं.

४. शोध कुठे घ्यायचा

जाहिरातीपेक्षा विचारपूस बरी. ज्या संस्थांची कामं दरवर्षी नियमित चालू आहेत त्यांच्या सचिवांना भेटा. बेळगावात आणि हुबळी-धारवाडात समाजकार्याचं शिक्षण घेऊन संस्थांमध्ये पंधरा-वीस वर्षं काढलेली माणसं आहेत, त्यांतली काही आता स्वतंत्रपणे सल्ला देतात. निवृत्त बँक मॅनेजर किंवा मुख्याध्यापकही चांगले निघतात, मात्र त्यांनी प्रत्यक्ष निधी उभा केलेला असला पाहिजे. निदान तीन जणांशी बोला. एकट्या संस्थेला परवडत नसेल तर शेजारच्या गावांतल्या दोन-तीन संस्थांनी मिळून एकच सल्लागार नेमायला काय हरकत आहे? करार मात्र प्रत्येकीनं वेगळा करावा.

भाषेचं विसरू नका. आपल्या भागात निधीचं काम तीन भाषांत चालतं. गावच्या आणि मुंबईच्या माणसाला मराठीत पत्र जातं, सरकारी कार्यालयात कन्नडमध्ये अर्ज द्यावा लागतो, कंपनीला इंग्रजीत प्रस्ताव लागतो. एकाच माणसाला तिन्ही उत्तम यावीत असा आग्रह नको, पण जी येत नाही ती कुणाकडून करून घेणार हे त्याला सांगता आलं पाहिजे. मराठी मात्र त्याला स्वतःलाच चांगली लिहिता आली पाहिजे, कारण आपले पहिले शंभर देणगीदार मराठीच वाचणार आहेत.

५. भेटीत काय विचाराल

"आतापर्यंत किती कोटी उभे केलेत?" हा प्रश्न सगळे विचारतात. त्याचं उत्तर तपासता येत नाही, म्हणून त्यात वेळ घालवू नका. त्याऐवजी आधी काम केलेल्या तीन संस्थांची नावं घ्या आणि त्यांना स्वतः फोन करा. फोनवर मी एकच गोष्ट खोदून विचारतो: "ते गेल्यावर दुसऱ्या वर्षी देणग्या टिकल्या का?" टिकल्या असतील तर त्या माणसानं संस्थेला काही शिकवलं. एकदम घसरल्या असतील तर तो पैसे आणि ओळखी दोन्ही आपल्याबरोबर घेऊन गेला.

नियमांची जाण तपासायला दोन-तीन साधे प्रश्न पुरतात.

रोख देणगीवर ८०जी ची सवलत किती रुपयांपर्यंत मिळते? २,००० रुपयांपर्यंत. नव्या कररचनेत असलेल्या पगारदाराला ८०जी चा फायदा मिळतो का? नाही. म्हणजे "कर वाचेल" एवढ्याच मुद्द्यावर मागणी करणारा सल्लागार जुन्या काळात अडकला आहे.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या प्रत्येक फाउंड्रीकडे सीएसआर मागता येतो का? येत नाही. निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांपैकी एक तरी मर्यादा गाठणाऱ्या कंपनीलाच कायद्यानं तो खर्च करावा लागतो. लहान कारखानदार देतो तो स्वतःच्या खिशातून, आणि त्याच्याकडे जायची रीत वेगळी. त्याला प्रस्ताव पाठवत नाहीत. त्याच्याकडे ओळखीच्या माणसाबरोबर जायचं असतं.

परदेशातल्या पैशाबद्दल तर विचाराच. दुबईत नोकरी करणाऱ्या, भारतीय पासपोर्ट असलेल्या आपल्या पोरानं स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली देणगी हा विदेशी निधी धरला जात नाही. पण त्याच्याच अमेरिकेतल्या चुलत भावानं तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल, तर एफसीआरए, म्हणजे विदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय त्याच्याकडून एक डॉलरही घेता येत नाही. "घ्या हो, कोण बघतंय" असं सांगणाऱ्या सल्लागाराला तिथंच चहा देऊन निरोप द्यावा. अडकणार ते कार्यकारिणीवरचे लोक.

"मंत्रालयात ओळख आहे", "विधानसौधात आपला माणूस आहे" हे ऐकलं तरी तेच करावं.

आवडलेल्या माणसाला लगेच वर्षभरासाठी नेमू नका. त्याला दोन-तीन दिवसांचं छोटं काम द्या आणि त्याचे पैसे द्या. आपले अहवाल वाचून, पाच जुन्या देणगीदारांशी बोलून त्यानं तीन-चार पानी टिपण लिहावं. त्यातली भाषा, प्रामाणिकपणा आणि देणगीदारांना तो माणूस कसा वाटला, हे तासभराच्या मुलाखतीपेक्षा जास्त कळतं.

६. मोबदला: टक्केवारी नको

सगळ्यात महत्त्वाचं म्हणून इथे जरा थांबतो. टक्केवारी सोयीची वाटते, कारण आधी खिशातून काही जात नाही. हिशेब करून बघा. ६ लाख जमले आणि १५ टक्के ठरले तर ९० हजार जातात. ते कोणी दिले? छपरासाठी म्हणून पैसे देणाऱ्यांनी. त्यांना हे सांगितलं होतं का? आम्ही सांगितलं नव्हतं.

दुसरं असं की टक्केवारीवरचा माणूस आज मिळेल तेवढं घेण्याच्या मागे लागतो. जो देणगीदार दोन वर्षं कामं बघून मग मोठी रक्कम देईल, त्याच्यासाठी थांबणं त्याला परवडत नाही. तो घाई करतो, भीड घालतो, आणि गावात कटुता आपल्या वाट्याला येते. निधी संकलन करणाऱ्या व्यावसायिकांची अमेरिकेत १९६० मध्ये स्थापन झालेली एक मोठी संघटना आहे, असोसिएशन ऑफ फंडरेझिंग प्रोफेशनल्स. तिच्या आचारसंहितेत जमलेल्या रकमेवर टक्केवारी घेण्याला स्पष्ट मनाई आहे. आपल्याकडच्या सल्लागाराला ती संहिता बंधनकारक नसली तरी आपण ती पाळायला सांगू शकतो.

म्हणून ठरावीक फी ठरवा, दिवसावर किंवा महिन्यावर. प्रवासखर्च वेगळा आणि बिलांवर. ही रक्कम कुठून द्यायची तेही सभेत ठराव करून ठरवा: सभासद वर्गणीतून, ठेवीच्या व्याजातून, किंवा याच कामासाठी म्हणून एखाद्यानं दिलेल्या देणगीतून. छपरासाठी आलेल्या पैशाला हात लावायचा नाही. फीवर जीएसटी लागतो का आणि टीडीएस कापावा लागतो का, हे करारावर सही करण्याआधी सीएला विचारा. नंतर कळलं तर ठरलेल्या आकड्यात १८ टक्क्यांची भर पडलेली असते.

७. करार दोन पानी चालेल, पण लेखी हवा

पैसा फक्त संस्थेच्या खात्यात येईल. क्यूआर कोड संस्थेचा, पावतीवर सही खजिनदाराची. सल्लागारानं रोख रक्कम स्वीकारायची नाही, ओळखीच्या माणसाकडूनही नाही.

देणगीदारांची यादी संस्थेची. दर महिन्याला तिची अद्ययावत प्रत संस्थेकडे जमा व्हावी, आणि करार संपल्यावर सल्लागारानं स्वतःजवळ काही ठेवू नये, दुसऱ्या संस्थेसाठी वापरू नये. ८०जी च्या वार्षिक विवरणासाठी देणगीदारांचे पॅन किंवा आधार क्रमांक घ्यावे लागतात. ते कुणाच्या खासगी मोबाईलमध्ये फिरत राहणं धोक्याचं आहे.

पत्र, फोटो, व्हिडिओ, काहीही संस्थेनं पाहिल्याशिवाय बाहेर जाणार नाही. लाभार्थी मुलांचे चेहरे पालकांना विचारल्याशिवाय नाहीत. याच काळात तो आपल्याच पंचक्रोशीतल्या दुसऱ्या संस्थेसाठीही काम करत असेल तर त्यानं तसं सांगावं. मुदत सहा महिने ते एक वर्ष, आणि महिन्याची नोटीस देऊन दोघांपैकी कुणालाही थांबता यावं.

८. पहिले तीन महिने

कार्यकारिणीतल्या एका माणसाला सल्लागाराबरोबर जोडून द्या, शक्यतो तरुण. तो प्रत्येक भेटीला बरोबर जाईल, पत्रं लिहायला शिकेल. आमच्याकडे दुसऱ्या वेळी बी.कॉम. झालेली एक मुलगी जोडली होती. आज आमची देणगीदारांची वही तीच सांभाळते आणि पावती गेल्यापासून आठवड्याच्या आत आभाराचं पत्र जातं.

महिन्यातून एकदा बसून चार गोष्टी बघा: किती जणांना भेटलो, किती नवे जोडले गेले, जुन्यांपैकी किती परत आले, कुणाची तक्रार आली. जमलेल्या रकमेवर पहिल्या तीन महिन्यांत फार भर देऊ नका. नवा देणगीदार आधी वाचनालयात येऊन बसतो, मुलं अभ्यास करताना बघतो, मग चेक लिहितो. पण तीन महिन्यांनंतरही यादी हाती आली नसेल, किंवा भेटींना आपल्या माणसाला बरोबर नेलं जात नसेल, तर नोटीस द्या.

करार संपायच्या दिवशी टेबलावर मांडून घ्या: देणगीदारांची पूर्ण यादी, पाठवलेल्या सगळ्या प्रस्तावांच्या प्रती, आलेली उत्तरं, ईमेल आणि सोशल मीडिया खात्यांचे पासवर्ड, आणि पुढच्या वर्षी कुणाला कधी भेटायचं याचं वेळापत्रक. पासवर्ड त्याच बैठकीत बदलून घ्या. मग शेवटची फी द्या.