अमेरिकेतली महामंदी आणि दुसऱ्या महायुद्धाचा काळ शिकवताय? मग या चुका टाळा

सीबीएसईच्या दहावीला महामंदी (१९२९ पासूनची मोठी आर्थिक मंदी) येते, आयबी या आंतरराष्ट्रीय बोर्डाला तर अमेरिकेतली मंदी हा वेगळा टॉपिकच आहे, आणि न्यू जर्सी-कॅलिफोर्नियातल्या मराठी आईबाबांच्या गळ्यात हे मुलांच्या प्रोजेक्टच्या निमित्ताने पडतं. विषय भारी आहे, मुलं ऐकतातही मस्त, पण पेपर तपासायला बसलं की तीच तीच चुकीची उत्तरं. म्हणून खाली मुलं काय लिहितात तेच आधी दिलंय, मग त्यावर काय करायचं ते.

"मंदीत सगळं खूप महाग झालं"

हे हमखास येतं. आपली पोरं घरात महागाईच्या गप्पा ऐकतच मोठी होतात, त्यामुळे वाईट दिवस म्हणजे भाव वाढणार हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. इथे झालं उलटंच, १९२९ ते १९३३ मध्ये किमती साधारण पाव हिश्श्याने उतरल्या, वस्तू स्वस्त पण खिशात पैसा नाही, आणि शेतकऱ्याला गहू-कापूस विकून खर्चसुद्धा निघेना. १९३३ मध्ये विस्कॉन्सिनच्या दूधवाल्या शेतकऱ्यांनी संप करून दूध रस्त्यावर ओतलं, त्याच वर्षी सरकारने भाव वर यावेत म्हणून डुकरांची साठेक लाख पिल्लं विकत घेऊन कापायला लावली, आणि तिकडे शहरात लोक फुकटच्या सूपसाठी रांगेत उभे. आपल्याकडच्या दूध आंदोलनाच्या बातम्या मुलांनी पाहिलेल्या असतात, त्यामुळे हे लगेच पोचतं. "मॅडम, मग ते दूध गरिबांना का नाही दिलं?" असा प्रश्न कुणी विचारला की घाईने उत्तर देऊ नका, वर्गाला भांडू दे थोडा वेळ.

"शेअर बाजार पडला आणि दुसऱ्या दिवशी सगळे बेकार"

शेअर बाळगणारे अमेरिकन मुळात थोडेच होते, आणि शेतकऱ्यांचे हाल तर १९२० च्या दशकातच सुरू झालेले. सामान्य माणसाला खरा दणका दिला तो बँकांनी. १९३० ते १९३३ मध्ये जवळपास ९,००० बँका बुडाल्या, ठेवींना सरकारी विमा नव्हता, म्हणजे पासबुक हातात आणि पैसे गायब. बेकारी हळूहळू वाढत १९३३ ला २५ टक्क्यांच्या आसपास गेली. आणि ते बाजार पडल्यावर शेअर दलालांनी खिडकीतून धडाधड उड्या मारल्याचं प्लीज रंगवून सांगू नका, बहुतांशी दंतकथा आहे ती.

फोटो दाखवून मोकळं होणं

'मायग्रंट मदर' हा फोटो सगळे दाखवतात, कपाळावर आठ्या, गालाला हात, दोन बाजूंना तोंड फिरवलेली मुलं. खाली लिहितात 'धुळीच्या वादळांमुळे पळून आलेली आई', म्हणजे १९३० च्या दशकात मध्य अमेरिकेतली शेती उजाड करणारी वादळं. पण छायाचित्रकार डोरोथिया लँगने १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या निपोमोला टिपलेली ही बाई, फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्पसन, चेरोकी वंशाची होती आणि त्या वादळांच्या कितीतरी आधी, १९२० च्या दशकातच कॅलिफोर्नियात आली होती. लँगने त्या वेळी बरेच फोटो काढले, लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकन सरकारी ग्रंथालयाच्या साइटवर फुकट बघता येतात. ते शेजारी-शेजारी लावा आणि विचारा, यातला हाच का गाजला? मुलं फ्रेमच्या बाहेर काय राहिलं ते बरोबर शोधतात.

"युद्धात गरिबांना रेशन मिळायचं"

ही चूक खास आपली आहे. आपलं रेशन म्हणजे स्वस्त धान्याचं दुकान, पिवळं-केशरी कार्ड. अमेरिकेतलं रेशनिंग म्हणजे माल कमी, म्हणून श्रीमंतालासुद्धा मर्यादा. साखर मे १९४२ पासून, माणशी आठवड्याला साधारण पाव किलो. १९४३ पासून पॉइंट आले, निळे डबाबंद पदार्थांना, लाल मांस-लोणी-चीजला, सुरुवातीला माणशी महिन्याला ४८ निळे आणि ६४ लाल, तान्ह्या बाळाच्या नावानेसुद्धा रेशनचं पुस्तक. पैसे द्यायचेच, वर पॉइंटही द्यायचे, आणि टंचाई बघून सरकार वस्तूचे पॉइंट बदलायचं.

हे तोंडी सांगून काही उपयोग नाही, करूनच बघायला लागतं. रंगीत कागदाचे पॉइंट कापा, चार-पाच जणांचं एकेक 'कुटुंब' करा, किंमत आणि पॉइंट दोन्ही लिहिलेली यादी द्या (आकडे वर्गापुरते तुम्हीच ठरवा) आणि आठवड्याचा बाजार करायला सांगा. मध्येच डब्यातल्या फळांचे पॉइंट वाढवून टाका. जो दंगा होतो तोच धडा. कुणीतरी दोन गटांत गुपचूप सौदा करतंच, की काळ्या बाजारावर बोलायला आयतं निमित्त.

पेट्रोलचं पण विचारा. देशभर पेट्रोल रेशनिंग डिसेंबर १९४२ ला आलं ते मुख्यतः रबर वाचवायला, कारण मलाया (आजच्या मलेशियाचा भाग) आणि डच ईस्ट इंडीज (आजचा इंडोनेशिया) जपानने घेतल्यावर टायरचं रबर येणार कुठून? म्हणून गाड्याच कमी फिरवायच्या.

"रुझवेल्टने मंदी संपवली" / "युद्धाने संपवली"

रुझवेल्ट म्हणजे १९३३ पासूनचे अमेरिकेचे अध्यक्ष. दोन्ही उत्तरं अर्धवट. फळ्यावर बेकारीचा आलेख काढा: १९३३ ला २५ टक्के, १९३७ ला १४ च्या आसपास, १९३८ ला परत १९, १९४४ ला एक-सव्वा टक्का. त्यात १९३८ चा उंचवटा का, हे मुलांनाच शोधू दे. (सरकारी रोजगार योजनेवर काम करणाऱ्यांनाही या जुन्या आकड्यांत बेकारच धरलंय, हुशार मुलांना हे जरूर सांगा.)

"सर्व अमेरिकन लोकांनी एकजुटीने..."

हे वाक्य दिसलं की लाल पेन उचला. कोण सगळे? १९३५ च्या सोशल सिक्युरिटी कायद्यात शेतमजूर आणि घरकामवाल्या बायका नव्हत्याच, आणि कृष्णवर्णीय मोठ्या संख्येने नेमके याच कामांत. जपानशी युद्ध सुरू झाल्यावर रुझवेल्टच्या फेब्रुवारी १९४२ च्या आदेशानंतर सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत टाकलं, त्यातले दोन तृतीयांश अमेरिकन नागरिक. आणि दंड दाखवणाऱ्या त्या बाईचं 'We Can Do It!' हे पोस्टर, ज्याशिवाय एकही प्रोजेक्ट पूर्ण होत नाही, ते १९४३ मध्ये वेस्टिंगहाऊसच्या कारखान्यांत जेमतेम दोन आठवडे लागलं होतं, गाजलं ते १९८० च्या दशकात.

छावणीचं मात्र नाटक करायला लावू नका. बाजाराचा खेळ ठीक आहे, पण मुलांना काटेरी तारेमागे 'कैदी' करून उभं केलं की खिदळणं तरी होतं नाहीतर एखादं मूल खरंच घाबरतं, शिकत कुणीच नाही. तिथे फोटो आणि पत्रं द्या.

शेवटी पेपर काढताना 'महामंदीचे परिणाम लिहा' हा प्रश्न काढून टाका, त्याला गाइडमधलंच उत्तर येणार. त्याऐवजी माणूस, ठिकाण आणि साल द्या: १९३३, विस्कॉन्सिनचा दूधवाला, १९४२, कॅलिफोर्नियातला जपानी वंशाचा भाजीवाला, १९४३, डेट्रॉइटच्या कारखान्यातली कृष्णवर्णीय कामगार. आणि विचारा, त्या साली या माणसाच्या घरात काय कमी पडलं आणि का?