ऑटोक्लेव्ह झालं म्हणजे एंडोटॉक्सिन गेलं? एलएएल चाचणीत या चुका टाळा

भोसरी पट्ट्यात गुरुवारची सुट्टी. आरओची लाइन दिवसभर बंद, नळ्यांच्या आत ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंचा थर धरलेला, आणि शुक्रवारी सकाळी पहिल्याच पाण्यात काचसामान धुतलं जातं. पुढे ऑटोक्लेव्ह होतं खरं, पण एलएएल चाचणीत (यात हॉर्सशू क्रॅबच्या रक्तपेशींचा अर्क, म्हणजे लायसेट, एंडोटॉक्सिन असेल तर गोठतो) निगेटिव्ह कंट्रोलच, म्हणजे एंडोटॉक्सिन नसायला हवं ती तुलनेची नळीच, गोठते. १२१ अंशांना जिवाणू मरतात. त्यांच्या बाह्य पटलातलं लिपोपॉलिसॅकराइड, म्हणजेच एंडोटॉक्सिन, शाबूत राहतं. ०.२२ मायक्रॉनचा फिल्टरही ते अडवत नाही. आधी लाइन वाहू द्या, मग धुवा, आणि काच २५० अंशांच्या कोरड्या उष्णतेत ३० मिनिटं ठेवा. वेळ मोजायची ती ओव्हनच्या डिस्प्लेवरून नव्हे, काच तापल्यापासून. ओव्हन गच्च भरला असेल तर दोन्हींत बराच फरक पडतो.

या रेणूचा विषारीपणा असतो तो लिपिड ए या भागात. ई. कोलायमध्ये त्याची घडण अशी: दोन ग्लुकोसामाइन, दोन फॉस्फेट आणि मेदाम्लांच्या सहा साखळ्या. सहाऐवजी चारच साखळ्या असल्या, तर माणसाच्या पेशींवरचा, एंडोटॉक्सिन ओळखणारा टीएलआर-४ रिसेप्टर जागा होत नाही, उलट अडवला जातो. रेणूच्या बाहेरच्या टोकाच्या ओ-अँटिजेनचा (शर्करांच्या साखळीचा) तापाशी फारसा संबंध नाही.

याच तेलकट साखळ्या चाचणीच्या स्टँडर्ड एंडोटॉक्सिनमध्ये (ज्याची ताकद आधीच माहीत असते) घोळ घालतात. रेणू एकमेकांना चिकटून गठ्ठे होतात, पॉलीप्रॉपिलीनच्या भिंतीलाही चिकटतात, आणि आकडा कमी येतो. डायल्यूशन (द्रावण पातळ करणं) बोरोसिलिकेट काचेतच करा. व्हायल विरघळवल्यावर पत्रकात लिहिलेला पूर्ण वेळ व्होर्टेक्स मिक्सरवर जोरात घुसळा (बहुधा १५ मिनिटं), शिवाय प्रत्येक डायल्यूशनला पुन्हा. सगळ्यात जास्त घाई इथेच होते.

जेल-क्लॉट पद्धतीला (नळीत जेल जमतं का ते बघायचं) ०.१ मिली नमुना, ०.१ मिली लायसेट, ३७±१ अंश, ६०±२ मिनिटं. मधेच नळी उचलून पाहू नका. तुटलेलं जेल पुन्हा जमत नाही. त्याच टेबलावर हादरे देणारं सेंट्रिफ्यूज तर नकोच.

लॅम्डा म्हणजे लायसेट गोठवणारं एंडोटॉक्सिनचं सर्वांत कमी प्रमाण. त्याच्या दुप्पट एंडोटॉक्सिन मुद्दाम घातलेला (२ लॅम्डाचा स्पाइक) नमुना गोठला नाही, तर 'निगेटिव्ह' निकालाला अर्थ नाही. मिश्रणाचा पीएच ६ ते ८ मध्ये आहे का, नमुन्यात ईडीटीए (लायसेटला लागणारे धातूचे आयन बांधून ठेवणारं रसायन) आहे का, ते बघा. मग डायल्यूशन वाढवा. त्याची कमाल हद्द म्हणजे उत्पादनाची एंडोटॉक्सिन मर्यादा गुणिले सांद्रता भागिले लॅम्डा. मर्यादा ०.५ ईयू (एंडोटॉक्सिन युनिट)/मिग्रॅ, सांद्रता १० मिग्रॅ/मिली, लॅम्डा ०.१२५ ईयू/मिली असेल तर ४० पट, त्यापुढे नाही.

उलट, पाणी स्वच्छ असूनही पॉझिटिव्ह येत असेल तर वाटेत सेल्युलोजचा फिल्टर आहे का ते तपासा. त्यातलं बीटा-ग्लुकन लायसेटला फसवतं. ग्लुकन-ब्लॉकिंग बफर घालून तोच नमुना पुन्हा लावा.