घोट मोजायला शिका: सोलापुरात स्तनपान सल्लागार होताना

गेल्या वर्षभरात वीसेक जणींनी तरी मला हा प्रश्न विचारला असेल: "ताई, लॅक्टेशनमध्ये यायचंय, कोर्स कुठला करू?" बहुतेक जणी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा झालेल्या, वॉर्डात दोन-तीन वर्षं काढलेल्या. एखादी फिजिओथेरपिस्ट, एखादी आहारतज्ज्ञ. पहिल्या तासात अंगावर घ्या, चीक टाकू नका, मधाचं बोट नको, सहा महिने वरचं पाणीसुद्धा नको, हे त्यांना शिकवायची गरज नसते. मलाही ते पाठ होतं. पाठ असूनही मी जिथे चुकले ती जागा आधी दाखवते. कोर्सचं नंतर.

एप्रिल महिना होता. नीलम नगरच्या बाजूला दोन खोल्यांचं घर, शेजारच्या पॉवरलूमची खडखड भिंतीतून येणारी. पहिलटकरीण माहेरी आलेली, सिझरनंतरचा चौथा दिवस, आदल्याच दिवशी घरी सोडलेलं. जन्माचं वजन २ किलो ९०० ग्रॅम. तक्रार एकच: पाजताना खूप दुखतं. मी तिच्या पाठीला उशी लावली, टाक्यांवर भार नको म्हणून बाळाला काखेखालून धरायला शिकवलं. बाळानं तोंड लावलं, दुखणं कमी झालं, तिचा चेहरा सैल पडला. मी घड्याळ लावून बसले. एका बाजूला २२ मिनिटं, दुसऱ्या बाजूला १८. मग बाळ सोडून शांत झोपलं. आजी म्हणाल्या, "बघा, कसं गप झोपलं. पोट भरलं." मी मान डोलावली. वहीत लिहिलं: "बाळ ४० मिनिटं प्यायलं. आई समाधानी."

सहाव्या दिवशी आजींचा फोन. अंग तापलंय, बाळ उठतच नाही, कालपासून दोनदाच शू केली आणि दुपट्यावर विटेच्या रंगाचा डाग पडला. मी फोनवर काय सांगितलं असेल? "ऊन फार आहे, कपडे सैल करा, अंगावर घेत राहा." तासाभरानं मलाच राहवेना, म्हणून गेले आणि त्यांना घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे धावले. काट्यावर २ किलो ४५० ग्रॅम. साडेचारशे ग्रॅम गेले होते, म्हणजे साडेपंधरा टक्के. अंगातलं पाणी कमी पडून रक्तातलं सोडियम चढलेलं, कावीळ वाढलेली. चार दिवस बाळ काचेत होतं. ते वाचलं, आज शाळेत जातं. पण एनआयसीयूच्या, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाच्या दारात ती आई मला म्हणाली, "मॅडम, तुम्ही तर बघून गेला होतात ना?" त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. वहीतली ती ओळ मी खोडलेली नाही.

माझी चूक नीट समजून घ्या, कारण हुशार मुलीही हीच करतात. चोखणं म्हणजे पिणं नव्हे. मी मिनिटं मोजली, घोट मोजले नाहीत.

छाती तोंडात असली की बाळ चोखतंच, दूध येवो न येवो. हनुवटी भराभर, बारीक थरथरल्यासारखी हलत असेल तर ते नुसतं चोखणं. सुरुवातीला तसंच व्हायला हवं, कारण त्या भराभर चोखण्यानंच पान्हा फुटतो. पण पान्हा फुटला की ताल बदलला पाहिजे. हनुवटी खोल खाली जाते, पूर्ण उघडल्यावर क्षणभर थांबते आणि मग वर येते. तो थांबा म्हणजे घोट. जवळ कान नेलात तर 'क्अ' असा हलका श्वास ऐकू येतो. दूध उतरलेलं असताना एक-दोन चोखण्यांमागे एक घोट, असा ओघ काही मिनिटं सलग दिसला पाहिजे. पहिल्या दोन दिवसांत चीकच असतो, तोही थोडा, त्यामुळे तेव्हा घोट कमी दिसतील आणि ते ठीक आहे. पण चौथ्या दिवशी चाळीस मिनिटांत पंधरा-वीसच घोट दिसले, तर ते बाळ उपाशी आहे, मग आईची छाती कितीही भरलेली दिसो. त्या दिवशी मी घोट मोजले असते तर बहुधा तेवढेच भरले असते. ते बाळ पोट भरून झोपलं नव्हतं, दमून झोपलं होतं.

दमून झोपलेलं बाळ फसवतं. कमी दूध मिळालं की ते सुस्तावतं, सुस्तावलं की नीट ओढत नाही, ओढलं नाही की दूध छातीतच साठून राहतं आणि साठून राहिलेलं दूध शरीराला सांगतं की आता कमी बनव. कावीळ असेल तर सुस्ती आणखी वाढते. घरात मात्र सगळे खूश, कारण बाळ रडत नाही. म्हणून चौथ्या-पाचव्या दिवसाचं बाळ फार गुणी आहे असं कोणी सांगितलं की माझे कान टवकारतात. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजणं होतंय का, पाचव्या दिवसापासून सहा किंवा जास्त वेळा भरपूर, फिकट शू होतेय का, काळी शी हिरवट होऊन पिवळी झाली का, हे विचारा. आणि विचारून थांबू नका, दुपटं उघडून बघा. लोक खोटं बोलत नाहीत, पण रात्रीच्या जागरणात कोणाला मोजदाद आठवते?

आणि वजन. अहो, वजन! पहिल्या काही दिवसांत वजन थोडं उतरतंच. सात टक्क्यांच्या पुढे गेलं की त्याच दिवशी पाजणं पुन्हा बघायचं, दहाच्या पुढे गेलं की डॉक्टरांकडे. दहा ते चौदा दिवसांत जन्माचं वजन परत यायला हवं, पुढे रोज साधारण २० ते ३० ग्रॅम. काटा डिजिटल घ्या, निदान १० ग्रॅमचा फरक दाखवणारा. स्प्रिंगचा लटकता काटा या कामाचा नाही. उघड्या अंगानं आणि दरवेळी त्याच काट्यावर वजन करा. पहिल्या वर्षी माझ्या पिशवीत उशी होती, बाहुली होती, कापडाचं स्तनाचं मॉडेल होतं, काटा नव्हता. आशाताईंना आपण शिकलेल्या बायका फारसं मोजत नाही. पण घरच्या नवजात बाळाला बघायला तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी येणाऱ्या आशाताईच्या किटमध्ये काटा असतो. तेव्हापासून प्रत्येक भागातल्या आशाताईशी मी ओळख ठेवते. तुम्हीही ठेवा.

हे वाचून घाबरलात तर तेही स्वाभाविक आहे. मी त्यानंतर दोन महिने कोणाच्याही घरी गेले नाही. पुन्हा उभं केलं ते एका निवृत्त सिस्टरांनी. तीस वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात काढलेली बाई, कुठलं सर्टिफिकेट नाही. त्यांनी मला खाटेजवळ उभं केलं आणि म्हणाल्या, "हात मागे बांध. दहा मिनिटं तोंड उघडायचं नाही. नुसती हनुवटी बघ." असे मी पंधरा दिवस उभी होते. तिथे घोट दिसायला लागले, आणि एकदा दिसायला लागले की मग न दिसणं शक्य नाही. तुम्हालाही दिसतील.

म्हणून गुरू निवडताना माझं मत ऐका. जी तुम्हाला फक्त जमलेल्या केसेसचे व्हिडिओ दाखवते तिच्याकडे जाऊ नका. जी बिघडलेल्या केसला सोबत नेते आणि नंतर रिक्षात बसून का बिघडलं ते बोलते, तिच्या मागे लागा, पैसे द्यावे लागले तरी द्या. आणि शनिवार-रविवारच्या ऑनलाइन कोर्सनं सल्लागार होता येत नाही. त्यातून भाषा मिळते, डोळा मिळत नाही. कागदाचा रस्ता हवा तर आयबीसीएलसीची, म्हणजे स्तनपान सल्लागाराच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्राची परीक्षा आहे. १९८५ पासून चाललेली, जगभर मान्य. आपल्यासारख्या आरोग्य क्षेत्रातल्यांना स्तनपानाचं ९५ तासांचं शिक्षण आणि आधीच्या पाच वर्षांतले १००० तासांचे प्रत्यक्ष काम दाखवावं लागतं, आणि पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. तास रोजच्या रोज लिहून ठेवा. मी पहिलं वर्ष लिहिलं नाही, ते वाया गेलं. बीपीएनआय (ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडिया) ही या विषयातली आपली संस्था, १९९१ मध्ये वर्ध्यातच सुरू झालेली. तिच्या प्रशिक्षणांची चौकशी जरूर करा.

आता थोडं सोलापूरचं. इथे एकट्या मराठीवर भागत नाही. पूर्वभागात आजीबाई तेलुगू बोलतात, अक्कलकोट रोडच्या बाजूला कानडी. दुधाला एकीकडे पालु, दुसरीकडे हालु. दुखणं म्हणजे नोप्पी आणि नोवु. एवढे चार शब्द आले तरी आजी तुम्हाला आत बसवून घेतात. आणि निर्णय आजींच्याच हातात असतो हे विसरू नका. त्यांच्या अळिवाच्या लाडवांना, बाळंतशोपाला नावं ठेवू नका. लाडवांनी बाळंतीण खाते-पिते, ते चांगलंच आहे. गुटी आणि मध मात्र ठामपणे थांबवा, मधातून लहान बाळाला बोटुलिझमसारखा जीवघेणा आजार होऊ शकतो.

उन्हाळ्यात पारा ४२-४३ वर गेला की घरोघर चमच्यानं पाणी सुरू होतं. "एवढ्या उन्हात लेकराचा घसा सुकत नाही का?" हा प्रश्न मायेचा आहे, त्याला चिडून उत्तर देऊ नका. आईच्या दुधात सुमारे ८८ टक्के पाणीच असतं, पाणी पाजलं की तेवढं दूध पोटात जात नाही, म्हणून उन्हात जास्त वेळा अंगावर घ्या आणि पाणी बाळंतिणीला द्या, असं सांगितलं की पटतं. काढलेल्या दुधाचंही तेच. खोलीच्या तापमानाला चार तास टिकतं असं पुस्तकात असतं, पण ती खोली २५ अंशांची. मे महिन्यात पत्र्याच्या घरात तो नियम चालत नाही. काढलं की लगेच वाटी-चमच्यानं पाजा, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवा.

विडी कामगार बायकांकडे जाल तेव्हा आधी हात बघा. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, आणि बाळ रडलं की त्याच हातानं उचललेलं. हजार विड्यांमागे मजुरी, त्यामुळे सव्वा महिना बसून राहणं सगळ्यांना परवडत नाही. त्यांना काम सोडा म्हणू नका. साबणानं हात धुवा, पाजायच्या आधी वरची साडी बदला किंवा स्वच्छ ओढणी घ्या, सूप बाळाच्या खोलीपासून दूर ठेवा, एवढं सांगा. घरी काम असल्यामुळे बाळ जवळ असतं, मागेल तेव्हा पाजता येतं. कारखान्यात जाणाऱ्या बाईला ते मिळत नाही.

एक गोष्ट कडक शब्दांत सांगते. पावडरच्या दुधाचे नमुने, कंपनीची डायरी, चहापाण्याचं पाकीट, काहीही घेऊ नका. १९९२ चा बालदुग्ध पर्यायांचा कायदा आहे, २००३ मध्ये तो आणखी कडक झाला, आणि आरोग्यसेवकानं असं काही घेणं त्यात बसत नाही. मला एका दुकानदारानं बाटल्यांवर कमिशन देऊ केलं होतं. पैशांची गरज होती, तरी उठून आले. पण याचा उलटा अतिरेकही करू नका. वजन उतरलेल्या बाळाला डॉक्टरांनी वरचं दूध सांगितलं तर "स्तनपानाचा पराभव" म्हणून आईला रडवू नका. आधी बाळाचं पोट, मग आईचं दूध टिकवणं: दर दोन-तीन तासांनी हातानं किंवा पंपानं दूध काढत राहायचं, वरचं दूध वाटी-चमच्यानं नाहीतर घरातल्या बोंडल्यानं द्यायचं आणि जमेल तसं कमी करत जायचं. नीलम नगरची ती आई पाचव्या आठवड्यात पूर्ण अंगावरच्या दुधावर आली. उपाशी बाळाला ओढायची ताकदच नसते. त्याला आधी ताकद द्यावी लागते.

तुमची मर्यादाही ओळखा. छाती लाल, तापलेली आणि अंगात ताप, हे चोवीस तासांत उतरलं नाही की डॉक्टर. जीभ बांधलेली वाटली की डॉक्टर. औषधाचं नाव तुमच्या तोंडातून जाता कामा नये, शतावरीच्या दाणेदार पावडरीचंसुद्धा.

शेवटी फी. मी सुरुवातीला एका भेटीचे ३०० रुपये घेत होते आणि दुसऱ्या भेटीचे वेगळे. त्यामुळे घरचे दुसऱ्यांदा बोलवत नसत, संकोचानं. नीलम नगरलाही तसंच झालं होतं. पाचव्या दिवशी त्यांना शंका आली होती, पण पुन्हा पैसे द्यावे लागतील म्हणून एक दिवस थांबले. आता पहिल्या फीतच अठ्ठेचाळीस तासांच्या आत दुसरी भेट धरलेली असते, काट्यासकट. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन मीच करते. शू किती वेळा, शीचा रंग काय, बाळ स्वतःहून जागं होतं का, हे तिन्ही आईला विचारते, आजींना नाही. एकाही उत्तराला "माहीत नाही" आलं तर सकाळची वाट न बघता निघते.