पी०२९९ आला म्हणून टर्बो बदलू नका: बूस्टचा दोष कसा शोधावा

घाट चढताना गाडीचा पिकअप अचानक जातो, चेक इंजिनचा दिवा लागतो, आणि गाडी बंद करून पुन्हा चालू केली की काही वेळ सगळं ठीक वाटतं. स्कॅनर पी०२९९ दाखवतो, कधी पी०२३४. यावर बऱ्याच गॅरेजांत लगेच निकाल मिळतो: टर्बो गेला. तो मान्य करू नका. पी०२९९ म्हणजे ईसीयूने (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरने) मागितला तेवढा टर्बोच्या हवेचा दाब, म्हणजे बूस्ट, मिळाला नाही, पी०२३४ म्हणजे मागितल्यापेक्षा जास्त झाला. कारण यातला कुठलाच कोड सांगत नाही. ते शोधावं लागतं.

उदाहरणाला आपल्याकडे खूप चाललेलं १.३ लिटर मल्टिजेट डिझेल घेतो, ९० पीएसचं, एर्टिगा-सियाझमधलं. यात टर्बोच्या गरम, म्हणजे एक्झॉस्टच्या, बाजूला कोन बदलणारी पाती असतात. व्हॅक्यूम मिळाला की ॲक्च्युएटर (पाती हलवणारी डबी) रॉड ओढतो, पाती मिटतात, बूस्ट वाढतो. व्हॅक्यूम सुटला की स्प्रिंग पाती उघडते. ७५ पीएसच्या इंजिनात साधा वेस्टगेट (जास्तीचा एक्झॉस्ट बाजूने सोडणारी झडप) आहे. तिथे खालची व्हॅक्यूमची तपासणी लागू नाही.

आधी एअर फिल्टर आणि क्लिपा बघा. इंटरकूलरच्या (टर्बोतून आलेली हवा थंड करणाऱ्या रेडिएटरच्या) होजखाली हात फिरवा. चिरा खालच्या बाजूला, तेलाने मऊ पडलेल्या रबरात असतात.

मग इंजिन बंद, चावी ऑन ठेवून स्कॅनरवर मॅप सेन्सरचं (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरचं) रीडिंग घ्या. ते हवेच्या दाबाएवढंच यायला हवं: मुंबईत १०१ किलोपास्कलच्या आसपास, पुण्यात साधारण ९५. यात मोठा फरक असेल तर आधी सेन्सर काढून त्यावरची काजळी साफ करा. सेन्सरच चुकीचं सांगत असेल तर पुढची सगळी मेहनत वाया.

आता रस्त्यावर लॉग घ्या, म्हणजे गाडी चालताना सेन्सरची रीडिंग लॅपटॉपवर नोंदवा. मोकळा चढ, तिसरा गिअर, १५०० आरपीएमपासून पूर्ण पेडल, ३५०० पर्यंत. लॅपटॉप शेजारच्याच्या हातात द्या, चालवणाऱ्याने स्क्रीनकडे बघायचं नाही. मागितलेला बूस्ट, मिळालेला बूस्ट आणि हवेचा मास फ्लो (इंजिन किती हवा ओढतं ते) एवढं पुरे. बूस्ट कमी पण मास फ्लो नेहमीपेक्षा जास्त, म्हणजे हवा टर्बोतून बाहेर पडल्यावर, इंजिनात पोचण्याआधी कुठेतरी गळते आहे. स्मोक टेस्ट करा, म्हणजे पाइपांत धूर सोडून तो कुठून बाहेर येतो ते बघा. दोन्ही कमी असतील तर पाती किंवा व्हॅक्यूम. बूस्ट आधी वर उसळून मग एकदम कोसळत असेल, तर पाती अडकताहेत असा माझा पहिला संशय.

आता खरा अवघड भाग. मलाही तो हाताला बसायला बराच काळ लागला. सर्रास सल्ला मिळतो की इंजिन चालू करा, रॉड हलला तर ॲक्च्युएटर ठीक. ही तपासणी जवळजवळ निरुपयोगी आहे. चालू करताना रॉड एका टोकाहून दुसऱ्या टोकाला झटक्यात जातो; मधल्या प्रवासात तो कुठे अडतो ते यात कधीच दिसत नाही. आणि थंड टर्बोत मोकळी हलणारी पाती गरम झाल्यावर अडकतात.

म्हणून गाडी चांगली गरम होईपर्यंत चालवा, इंजिन बंद करा, हातमोजे घाला आणि ॲक्च्युएटरला हाताचा व्हॅक्यूम पंप जोडा. व्हॅक्यूम थोडा थोडा वाढवत न्या आणि नजर रॉडवर ठेवा, गेजवर नको. रॉड सलग सरकला पाहिजे. थांबून उडी मारत असेल तर पात्यांच्या रिंगवर काजळी साचली आहे. मग व्हॅक्यूम तितक्याच हळू सोडा. परतीचा प्रवास जास्त बोलका असतो, कारण तिथे एकट्या स्प्रिंगचा जोर असतो. शेवटी ५०० मिलिबारवर एक मिनिट थांबा. काटा उतरला तर ॲक्च्युएटरमधला रबरी पडदा (डायफ्रॅम) फाटला आहे.

इथे सगळं ठीक निघालं तर टर्बोला हात लावू नका. दोष त्याच्या अलीकडे, व्हॅक्यूम येण्याच्या वाटेवर आहे. इंजिन चालू ठेवून सोलेनॉइडला (ॲक्च्युएटरचा व्हॅक्यूम कमी-जास्त करणाऱ्या विजेवरच्या झडपेला) येणाऱ्या पाइपवर गेज लावा; साधारण ८०० मिलिबार किंवा अधिक व्हॅक्यूम हवा. कमी असेल तर इंजिनच्या व्हॅक्यूम पंपापासून सोलेनॉइडपर्यंतचा एकेक बारीक रबरी पाइप टोकाशी वाकवून बघा. उष्णतेने तिथेच चिरतात. आवक ठीक असेल तर सोलेनॉइडकडे बघा. त्याची हवा घेण्याची वाट किंवा फिल्टर धुळीने बुजला की व्हॅक्यूम वेळेत सुटत नाही, पाती मिटलेली राहतात आणि पी०२३४ येतो. असा टर्बो बदलला तर नव्यावरही तोच कोड येईल.

दोन गोष्टी कुणी कितीही आग्रहाने सांगितल्या तरी करू नका. रॉडची लांबी आणि पात्यांचा स्टॉप स्क्रू फिरवू नका; ती मापं कारखान्यात हवेचा प्रवाह मोजून बसवलेली असतात. आणि काजळीवर स्प्रे मारून वेळ मारून नेऊ नका. टर्बो उतरवा, गरम बाजू उघडून साफ करा, पात्यांची रिंग झिजली असेल तर बदला. सोबत ईजीआर (थोडा एक्झॉस्ट परत इंजिनात सोडणारी झडप) आणि इंजेक्टर तपासा, नाहीतर काजळी परत साचेल.

काम झालं की कोड पुसा आणि त्याच चढावर, त्याच गिअरमध्ये लॉग पुन्हा घ्या. मागितलेली आणि मिळालेली रेघ जवळजवळ चिकटून चालेपर्यंत बॉनेट बंद करू नका.